बांधकामातील जादा कामे व त्यांवरील वाद

रुग्णालयाच्या विस्तारित इमारतीचा जमाखर्च पाहून अनेक देणगीदारांनी आमच्याकडे विचारणा केली, की निविदा एका रकमेची मंजूर झाली असता देयक दुसऱ्याच रकमेचे कसे येते. दात्यांस हे विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. म्हणून त्याचा खुलासा येथे करीत आहोत.

निविदेतील आकडे जमिनीच्या वरून पाहून बांधलेले असतात. अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात मुरुमाखाली काळा कातळ किती खोलीवर लागेल, हे खोदल्यावाचून पुरते कळत नाही. ज्या पाषाणातून इ. स. 1060 मध्ये अंबरनाथचे शिवमंदिर उभे राहिले, तोच आमच्या पायात आडवा आला आणि मुरुमाचा दर संपून कातळ फोडण्याचा दर सुरू झाला. रुग्णालयात यात आणखी भर पडते. क्ष-किरण यंत्र उशिरा ठरले की भिंतीची जाडी बदलते. जानेवारी 2021 मध्ये भंडारा जिल्हा रुग्णालयातील आगीत दहा अर्भके दगावली. त्यानंतर अग्निसुरक्षेचे काम खर्चाच्या सबबीवर पुढे ढकलणे आम्हांस तरी शक्य नाही.

वाद उद्भवतो तो बहुधा ‘हे काम करा’ असे कोणी सांगितले यावरून. वास्तुविशारद सांगतात, फेरीवर असलेले डॉक्टर सांगतात, क्वचित एखादे विश्वस्तही सांगून जातात! राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाचा बी-1 हा कंत्राटाचा जुना नमुना या बाबतीत काटेकोर आहे. बदल करण्याचा अधिकार प्रभारी अभियंत्यास, तोही लेखी व स्वाक्षरीनिशी. निविदेत दर असेल तर तोच. नसेल तर विभागाच्या दरसूचीतील. तेथेही नसेल तर आदेश मिळाल्यापासून सात दिवसांत कंत्राटदाराने आपला दर कळवावयाचा.

लेखी आदेश नसेल तर पैसे बुडाले, असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 70 नुसार, फुकट करण्याचा हेतू नसता कोणी कायदेशीरपणे काम केले व दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याचा मोबदला द्यावा लागतो. पश्चिम बंगाल शासन विरुद्ध बी. के. मंडल या खटल्यात विधिवत करार नसताना बांधलेला रस्ता, स्वयंपाकघर व खोल्या शासनाने वापरल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये कंत्राटदाराची मागणी मान्य केली. तथापि, जेथे करारातच त्या बाबीची तरतूद आहे तेथे कलम 70 चा आधार घेता येत नाही, हे त्याच न्यायालयाने 2019 मध्ये महानगर टेलिफोन निगमच्या प्रकरणात स्पष्ट केले. सारांश, आपला करार काय म्हणतो हेच आधी पाहिले जाते. लवादासही 1996 च्या अधिनियमानुसार करारातील अटी विचारात घ्याव्या लागतात.

वांद्रे-वरळी सागरी सेतूचे उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. मच्छीमारांच्या मागणीमुळे आखणी समुद्रात सरकली, बोटींसाठी वरळीकडे आणखी एक गाळा आला. बदलांच्या देयकांवरून वाद होऊन काम रेंगाळले आणि 660 कोटींचा मूळ अंदाज सुमारे 1,600 कोटींवर गेला. शासनाने ते सोसले. धर्मादाय संस्थेस लवादाचे व वकिलांचे शुल्क ज्या निधीतून द्यावे लागते, त्यातच गरीब रुग्णांच्या खाटाही असतात.

आमच्या कंत्राटदाराने जादा बाबींचे जे देयक सादर केले, त्यातील कातळाचे माप दोन्ही पक्षांनी खड्ड्यात उतरून घेतलेले व मोजमाप पुस्तिकेत नोंदलेले असल्याने ते चुकते केले आहे. आतील भिंती हलविण्याबाबत तोंडी सूचना मिळाल्याचा त्यांचा दावा आहे. तेवढी रक्कम रोखून ठेवली असून वास्तुविशारदांकडून दरपृथक्करण मागविले आहे. भिंती हलल्या आहेत व आपण त्या वापरीत आहोत, हे आम्ही नाकारीत नाही. प्रश्न दराचा आहे. तडजोड न झाल्यास करारानुसार एकमेव लवाद नेमला जाईल.

सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थांच्या लेखापरीक्षण अहवालात पाच हजार रुपयांवरील बांधकामासाठी निविदा मागविल्या होत्या काय, असा प्रश्न असतो. जादा कामांस हा प्रश्न सहज चुकवून जाता येतो. म्हणून यापुढे प्रत्येक बदलाचा क्रमांकित आदेश दोन विश्वस्तांच्या स्वाक्षरीने निघेल. आजवरच्या आदेशांची नोंदवही सभासदांस कार्यालयीन वेळेत पाहावयास मिळेल.