शेजारच्या विहिरीला पाणी, आपलं बोअर कोरडं; असं का होतं?

सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या डोंगरावर झरी पार्श्वनाथ हे जैन तीर्थ आहे. नावातच झरा! पण एवढ्या कातळात झरा येतो कसा? हे कळलं, तर खालच्या शिवारात एकाच्या विहिरीला पाणी आणि शंभर पावलांवरचं बोअर कोरडं का, हेही कळतं.

हा सगळा मुलूख लाव्हाचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला आणि थरावर थर साचले. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग याच काळ्या दगडाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. लांबून डोंगराला पायऱ्या दिसतात, त्या या थरांच्याच.

थरांमध्ये पाणी कुठे असतं?

प्रत्येक थराच्या वरच्या भागात वायूच्या बुडबुड्यांची भोकं असतात. मधला दगड घट्ट असतो; त्यात पाणी फक्त भेगांमधून जातं. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा असतो. मुरत आलेलं पाणी घट्ट दगडावर किंवा या पट्ट्यावर अडतं आणि आडवं सरकतं. उतारावर तो थर उघडा पडला, की तिथे झरा दिसतो.

जमिनीचा उतारही महत्त्वाचा

माथ्यावर माती पातळ, त्यामुळे पाऊस वाहून जातो. पायथ्याशी मुरूम जाड, तिथे पाणी साठतं. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत ते सावकाश मुरतं. म्हणून पाणी जास्त दिलं आणि निचरा झाला नाही, तर जमीन खारवते.

मग बोअर का फसतं?

आपल्याकडे जमिनीखाली नदी किंवा तळं नसतं. पाणी मुख्यतः वरच्या मुरमात आणि भेगांत असतं. रुंद विहिरीला अनेक भेगा सापडतात. काही इंचांच्या बोअरला एकही न सापडणं शक्य आहे. खोल जाल तशा भेगा साधारणपणे कमी होतात. म्हणजे पाणाड्याच्या हातावर नारळ उभा राहिला, तरी पाचशे फुटांचं कर्ज बुडू शकतं.

दुसरा धोका शेजाऱ्याला असतो. वरच्या थरात केसिंग नीट बसवलं नाही, तर तिथलं पाणी बोअरमधून खाली उतरतं आणि जवळची विहीर आटू शकते.

काय करता येईल?

बोअर घेण्याआधी आसपासच्या विहिरींत डोकावा. मुरूम किती, घट्ट दगड कुठे, पाझर कुठल्या थरातून, हे तिथे उघड दिसतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करा. गावात बंधारा बांधायचा असेल, तर खालचा दगड आधी बघा. घट्ट कातळावर पाणी नुसतं साठतं. भेगाळ, सच्छिद्र थरावर ते मुरतं आणि उन्हाळ्यात खालच्या विहिरींना येतं.

कोणाच्याही सातबाऱ्यावरची हद्द या थरांना माहीत नाही. पाणी सगळ्यांचं एकच आहे, म्हणून त्याचा हिशोबही गावाने मिळूनच ठेवायला हवा.