जलसंजीवनीचे गणित

मृगाचा पाऊस पडून गेला की कंधारच्या बाजूचे ओढे वाहू लागतात, मन्याडला गढूळ पाणी येते आणि पाठोपाठ आरोग्य केंद्रापुढे कडेवर लेकरे घेतलेल्या बायांची रांग लागते. उन्हाळ्यात विहिरींचा तळ दिसलेला असतो. पहिल्या पावसाचे पाणी उकिरडे, गोठे आणि हागणदारी धुऊन थेट त्याच विहिरींत उतरते. जून २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या मुगाव तांडा येथे विहिरीचे दूषित पाणी पिऊन नव्वदहून अधिक माणसे आजारी पडली होती.

अशाच एका पावसाळ्यात कंधार तालुक्यातल्या एका शाळेत आम्ही आठवीच्या मुलांशी परासरणाविषयी बोलत होतो. एक मुलगी उठून म्हणाली, "सर, माझ्या भावाला हगवण लागली तवा आशाताईनं पुडी दिली. आम्ही ती पेलाभर पाण्यात कालवून पाजली. जुलाब वाढलेच, म्हणून आजीनं पाणीच बंद केलं." भावाला पुढे सलाईन लावावे लागले, तो वाचला. मुलीचा प्रश्न सरळ होता : पुडी खोटी होती का?

पुडी खोटी नव्हती. पाण्याचे माप चुकले होते. ते कसे, हे समजून घेण्यासाठी आधी आतड्यात डोकावले पाहिजे.

जुलाबात काय जाते?

मोठ्या माणसाच्या लहान आतड्यात रोज सुमारे आठ-नऊ लिटर द्रव येतो. त्यात आपण प्यायलेले पाणी जेमतेम दोन लिटर असते. बाकीचा द्रव लाळ, जठररस, पित्त व आतड्याचे स्वतःचे स्राव यांचा. यातले जवळजवळ सगळे पाणी आतडी परत रक्तात ओढून घेतात आणि मलावाटे शंभर-दोनशे मिलिलिटरच बाहेर पडते. हे ओढून घेणे बिघडले किंवा आतड्यात येणारा द्रव वाढला, की जुलाब होतात.

या पाण्याबरोबर सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड व बायकार्बोनेटही जातात. मूल दगावते ते बहुधा या पाणी-क्षारांच्या तुटीमुळे. दहा किलो वजनाच्या बाळाच्या अंगातून एक लिटर पाणी गेले, तर त्याच्या वजनाचा दहावा हिस्सा गेला. मोठा माणूस एवढे पाणी सहज सोसतो. बाळाच्या जिवावर बेतते.

आपल्याकडे म्हणतात, "टाळू बसली म्हणून जुलाब लागले," आणि मग तेलाने टाळू भरतात. येथे कारण आणि परिणाम यांची उलटापालट झाली आहे. अंगातले पाणी कमी झाले, म्हणून टाळू खोल गेली. टाळू खोल जाणे ही धोक्याची मोलाची खूण आहे. ती दिसताच तेलाची वाटी ठेवून द्यावी, बाळाला जलसंजीवनी पाजायला लागावे आणि आरोग्य केंद्र गाठावे.

उघडे राहिलेले दार

आजीचा तर्क चुकीचा असला तरी अडाणीपणाचा नव्हता. जे आत टाकावे ते बाहेर येते, मग टाकायचे कशाला? एके काळी डॉक्टरही जुलाबात पोटाला विश्रांती द्यावी असेच म्हणत.

कोड्याचे उत्तर आतड्याच्या पेशींत आहे. पाणी स्वतःहून कोठे जात नाही; क्षार व साखर जिकडे जातात तिकडे त्यांच्यामागे जाते. पेशींना सोडियम आत घेण्याची अनेक दारे आहेत. पटकीच्या जंतूंचे विष यांपैकी एक महत्त्वाचे दार बंद पाडते आणि त्याच वेळी क्लोराइड बाहेर सोडणारे दार सताड उघडते. क्लोराइडमागून सोडियम आणि पाणी बाहेर धावते. हे विष आतड्यात द्रव ओतते, हे कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले.

पण एक दार चालूच राहते. ते सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीनेच आत घेते. ही जोडी १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी मांडली. नुसते मिठाचे पाणी दिले तर या दाराला जोडीदार मिळत नाही. नुसते साखरेचे दिले तरी तेच. दोन्ही योग्य प्रमाणात दिली की दार फिरते आणि त्यांच्यामागे पाणी रक्तात येते. लहान मुलांना छळणारा रोटाव्हायरस आतड्याच्या उद्वर्धांवरील पेशी मारतो, पण सगळ्या नाही. उरलेल्या पेशींतली ही दारे पुरेशी ठरतात.

याची मोठी परीक्षा झाली १९७१ मध्ये. बांगलादेशच्या मुक्तियुद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांच्या पिशव्या तयार करवून घेतल्या आणि ते पाणी नातेवाइकांच्याच हाती दिले. मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. आई, बाप, भाऊ कोणीही देऊ शकेल असा हा उपचार आहे, हे तेथे सिद्ध झाले. २०२२ मध्ये महालनबीस वारले; पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

पुडीतले रेणू मोजू या

आता मुलीच्या प्रश्नाकडे वळू. नववी-दहावीच्या वर्गात हे गणित फळ्यावर करता येईल. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ पासून शिफारस केलेल्या सूत्रात एक लिटर पाण्यासाठी असे घटक असतात :

ग्लुकोज १३.५ ग्रॅम
मीठ (सोडियम क्लोराइड) २.६ ग्रॅम
पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम
ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम

ग्लुकोजचा रेणुभार १८०. १३.५ ला १८० ने भागले की ०.०७५ मोल, म्हणजे ७५ मिलिमोल. मिठातून सुमारे ४५ मिलिमोल सोडियम मिळते. सायट्रेट १० मिलिमोल असते आणि त्याच्या प्रत्येक रेणूत सोडियमचे तीन अणू, म्हणजे आणखी ३०. एकूण सोडियम ७५. ग्लुकोज आणि सोडियम सारख्याच संख्येने आहेत, हा योगायोग नव्हे. त्या दाराच्या सोयीने बेतलेले ते प्रमाण आहे.

आता सगळे कण मोजा : सोडियम ७५, ग्लुकोज ७५, क्लोराइड ६५, पोटॅशियम २०, सायट्रेट १०. बेरीज २४५. आपल्या रक्तात हा आकडा २९० च्या आसपास असतो. द्रावण रक्तापेक्षा थोडे पातळ, म्हणून पाणी आतड्यातून रक्ताकडे जाते.

हीच एक लिटरची पुडी दोनशे मिलिलिटरच्या पेल्यात कालवली तर? २४५ गुणिले ५, म्हणजे १२२५. आता आतड्यातले द्रावण रक्ताच्या चौपट दाट झाले. परासरणाच्या नियमाने पाणी उलटे, रक्तातून आतड्यात येणार. जुलाब वाढणार, रक्तातले सोडियम धोक्याच्या पातळीला जाणार. त्या मुलीच्या घरी नेमके हेच झाले. बाजारात दोनशे मिलिलिटरच्या छोट्या पुड्याही मिळतात, त्यामुळे घोटाळा अधिक होतो. पुडीवर पाण्याचे माप छापलेले असते; ते वाचणे हाच निम्मा उपचार आहे.

हाच दोष गोड पेयांत असतो. कोलासारख्या पेयात लिटरला शंभर ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि सोडियम नाममात्र. काही गोड पेये तर 'ओआरएस' हे नाव लावून विकली जात. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने त्यास मनाई केली.

घरी काय करावे?

पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. पाजण्याआधी स्वतः चाखावे. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर फेकून पुन्हा करावे. मीठ घातलेली भाताची पेज, ताक, वरणाचे पाणी हेही चालते.

प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलाला ५० ते १०० मिलिलिटर, त्यापुढच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करावे. तयार पाणी चोवीस तासांनंतर वापरू नये. अंगावरचे दूध आणि नेहमीचे खाणे थांबवू नये. सोबत जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस द्याव्यात : सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, मोठ्याला २०. जुलाब थांबले तरी गोळ्या पूर्ण कराव्यात.

जुलाब बांधणारी औषधे लहान मुलांना देऊ नयेत. पाण्यासारख्या साध्या जुलाबात प्रतिजैविकांचा उपयोग नसतो. शौचात रक्त असेल तर मात्र डॉक्टरांकडे जावे. मूल सुस्त पडले, पिईनासे झाले, डोळे खोल गेले, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश परत गेली, तर वेळ न घालवता दवाखाना गाठावा. वाटेतही घोट घोट देत राहावे. मूल शुद्धीत नसेल तर मात्र तोंडाने काही देऊ नये. रोटाव्हायरसची लस २०१९ पासून महाराष्ट्राच्या नियमित लसीकरणात आहे. ती सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात मोफत मिळते.

वर्गात करून पाहा

त्या शाळेत आम्ही दुसऱ्या दिवशी मुलांना घरून पाणी पिण्याचे भांडे आणायला सांगितले आणि प्रयोगशाळेतल्या मोजपात्राने प्रत्येक भांडे मोजले. "तांब्याभर" म्हणजे कोणाकडे पाऊण लिटर, तर कोणाकडे सव्वा लिटर निघाले. मग ज्याच्या त्याच्या तांब्यावर किंवा घागरीत ओतायच्या मापावर एक लिटरची खूण केली. बटाट्याच्या सारख्या तीन फोडी साध्या पाण्यात, बरोबर कालवलेल्या जलसंजीवनीत आणि पाचपट दाट द्रावणात तासभर ठेवल्या. पहिली ताठ झाली, दुसरी जवळपास तशीच राहिली, तिसरी लुळी पडली.

त्या मुलीने तिसरी फोड बोटांनी वाकवून पाहिली आणि म्हणाली, "ही आजीला दाखवते." तिने ती कागदात गुंडाळून नेली. मापाची खूण केलेला तांब्या अर्थातच तिच्या दुसऱ्या हातात होता.