शेवटचा भाग वाचून मुलगी रडते तेव्हा...

मागच्या वर्षीची गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. ओटा पुसून, विरजण लावून मी दिवे मालवत होते. पाहते तो बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर आमची लेक उशीत तोंड खुपसून हुंदके देतेय. माझ्या पोटात धस्स झालं. दहावीतली मुलगी, नाही नाही त्या शंका मनात येऊन गेल्या. जवळ बसून पाठीवरून हात फिरवला, तर म्हणते कशी, "आई, तिला मारून टाकलं गं शेवटी!"

कुणाला? तर पुस्तकातल्या नायिकेला! मला एकदम हायसं वाटलं आणि त्या भरात मी बोलून गेले, "इश्श, पुस्तकच ना ते! मी म्हटलं काय झालं! चल, झोप आता, सकाळी शाळा आहे."

झोपली बिचारी. पण नंतरचे दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. मैत्रिणींनो, तुमच्या घरातही असं कधी झालं असेल. हल्ली आपल्या मुलींच्या हातात इंग्रजी पुस्तकांच्या मालिका असतात. तीन भाग, चार भाग, सात भाग. एकेक भाग मैत्रिणींकडून मागून आणतात, वाढदिवसाला मागून घेतात. आणि शेवटचा भाग वाचून झाला की तोंड पाडून बसतात. आपल्याला वाटतं, नसती कौतुकं!

पण तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता मला माझीच आठवण झाली.

मीही रुसले होतेच की!

शांताबाई शेळक्यांनी मराठीत आणलेली 'चौघीजणी' तुमच्यापैकी कितीतरी जणींनी वाचली असेल. नववीत असताना मी ती वाचनालयातून आणली होती. त्यातली ती तापट, लिहिणारी, मुलग्यासारखी हुंदडणारी ज्यो म्हणजे मीच, असं मला वाटायचं. शेजारच्या लॉरीशी तिचं लग्न होणार याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आणि झालं काय? ज्योने त्याला चक्क नकार दिला आणि लग्न केलं ते एका पोक्त प्रोफेसरांशी! मी पुस्तक आपटलं होतं. आईने विचारलं तेव्हा "काही नाही" म्हणून न्हाणीघरात जाऊन रडले होते.

त्यामागची हकीगत पुढे कितीतरी वर्षांनी कळली. मूळ कादंबरी 'लिटल विमेन' दोन भागांत निघाली, १८६८ आणि १८६९ मध्ये. पहिला भाग गाजला आणि लेखिका लुइझा मे अल्कॉट यांच्याकडे मुलींच्या पत्रांचा पाऊस पडला. सगळ्यांचा प्रश्न एकच, या मुलींची लग्नं कुणाशी होणार? अल्कॉट वैतागल्या. त्या स्वतः आयुष्यभर अविवाहित राहिल्या होत्या आणि ज्योनेही लेखिका म्हणून एकटीनेच राहावं असं त्यांच्या मनात होतं. पण वाचक ऐकेनात. मग त्यांनी लग्न लावलं खरं, पण मुद्दाम सगळ्यांच्या अपेक्षेबाहेरचं!

म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीही शेवटच्या भागावरून मुली रुसतच होत्या.

पुस्तकात असं होतं तरी काय?

मी लेकीचं पुस्तक मागून घेतलं. व्हेरॉनिका रॉथ या अमेरिकन लेखिकेची 'डायव्हर्जंट' ही मालिका. २०११, २०१२ आणि २०१३ अशी ओळीने तीन वर्षं तीन पुस्तकं आली. भविष्यातलं शिकागो शहर. तिथे माणसांची स्वभावाप्रमाणे पाच गटांत वाटणी केलेली, आणि सोळाव्या वर्षी प्रत्येकाने आपला गट निवडायचा. ट्रिस नावाची साधी, अंगापिंडाने लहानशी मुलगी त्यात धीट होत जाते. तिसऱ्या भागात, 'अलीजंट'मध्ये, जिथून परत येण्याची आशा नाही अशा कामगिरीवर तिचा भाऊ निघालेला असतो. या भावाने आधी तिचा घात केलेला. तरी ऐनवेळी त्याच्या जागी ती जाते, काम फत्ते करते आणि गोळी लागून मरते.

पुस्तक आलं तेव्हा अमेरिकेतल्या मुलींनी मोठा गहजब केला. तेव्हा लेखिकेने आपली बाजू मांडली. दुसऱ्यासाठी स्वतःला देऊन टाकणं म्हणजे काय, याचा ट्रिस पहिल्या भागापासून शोध घेत होती, त्याचाच हा शेवट आहे, असं तिचं म्हणणं. म्हणणं खोटं नाही. पहिल्या भागात आईवडील तिच्यासाठीच जीव देतात. पण वाचणारीची बाजूही आहेच. आमची लेक म्हणाली, "पहिली दोन पुस्तकं ट्रिस स्वतः सांगते. तिसऱ्यात अर्धं तिचा मित्र सांगायला लागला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली."

सिनेमाची तर आणखीनच गंमत. शेवटच्या पुस्तकाचे दोन सिनेमे करायचे ठरले. पहिला २०१६ मध्ये आला, चालला नाही, आणि दुसरा निघालाच नाही. पडद्यावरची गोष्ट अर्ध्यातच लोंबकळत राहिली!

टाके बंद करताना

तुम्ही स्वेटर विणला असेल तर माझं म्हणणं चटकन कळेल. सुरुवातीचे टाके घालणं सोपं, नक्षी धरली की हात भरभर चालतो. खरी कसोटी टाके बंद करताना. जरा ओढून घेतले की गळा डोक्यातून जात नाही, सैल सोडले की लोंबतो. मालिकेचंही तसंच. पहिल्या भागात कोडं घालायचं, दुसऱ्यात गुंता वाढवायचा आणि तिसऱ्यात सगळे धागे एकदम आवरायचे. त्यात दर वर्षाला एक पुस्तक द्यायचं म्हणजे उसवून पुन्हा विणायला सवड कुठून मिळणार? इकडे वाचणारीने वर्षभर वाट पाहता पाहता मनातल्या मनात स्वतःचा शेवट विणून ठेवलेला असतो. त्याच्याशी छापलेला शेवट जुळणार कसा?

तरी सगळे शेवट एका मापाने मोजू नयेत. 'ट्वायलाइट' मालिकेचं चौथं पुस्तक 'ब्रेकिंग डॉन' २००८ मध्ये आलं. शेवटची कितीतरी पानं लढाईची तयारी चाललेली, लांबलांबून साथीदार जमवलेले, आणि मग बोलणी होऊन सगळे आपापल्या घरी! जसं काही पंगतीची पानं मांडली आणि वाढपी आलेच नाहीत. २०१२ च्या सिनेमात मग ती लढाई भविष्याचं दृश्य म्हणून दाखवावी लागली.

याउलट 'हंगर गेम्स'चा २०१० मधला तिसरा भाग, सुझान कॉलिन्स यांचा 'मॉकिंगजे'. तोही मुलींना आवडला नाही म्हणतात. जिच्यासाठी नायिकेने पहिल्या भागात जिवावर उदार होऊन स्वतःला पुढे केलं, ती धाकटी बहीणच शेवटी बॉम्बस्फोटात जाते. नायिका जिंकते, पण मोडून जाते. वाचताना माझ्याही घशात आवंढा आला. पण हा शेवट फसवत नाही. लढाईने घरं कशी उद्ध्वस्त होतात हेच तर पहिल्या पानापासून सांगायचं होतं.

म्हणजे दुःखाचा शेवट वाईट आणि गोडाचा चांगला, असं नव्हे. लेखिकेने सुरुवातीला जे कबूल केलं ते पाळलं का, एवढंच बघायचं.

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. बहुतेक मालिकांचं शेवटचं पान लग्नावर नाहीतर मुलाबाळांवर येऊन टेकतं. २००७ मध्ये संपलेला 'हॅरी पॉटर' घ्या. एकोणीस वर्षांनंतर सगळे आपापल्या मुलांना आगगाडीत बसवून द्यायला आलेले! त्यातल्या हर्मायनी आणि रॉनच्या जोडीबद्दल लेखिका जे. के. रोलिंग यांनीच २०१४ मध्ये शंका बोलून दाखवली. 'मॉकिंगजे'तही शेवटी दोन मुलं आहेतच, पण नायिका त्यासाठी तयार व्हायला पंधरा वर्षं घेते, हे मला खरं वाटलं. लग्न झालं की गोष्ट संपते, हे आपण बायकांनी तरी कसं मान्य करायचं? आपली गोष्ट तर तिथूनच सुरू होते!

एवढं करून पाहा

मुलगी पुस्तकावर चिडली तर हसू नका. "मग तुझ्या मते काय व्हायला हवं होतं?" एवढंच विचारा आणि हातातलं काम क्षणभर बाजूला ठेवा. जमलं तर ते पुस्तक तुम्हीही वाचा, इंग्रजी जड गेलं तर तिलाच गोष्ट सांगायला लावा. शेवट आवडला नसेल तर वहीत स्वतःचा लिही म्हणावं. नावाजलेलं पुस्तक असूनही "मला हे पटलं नाही" असं कारणासकट सांगणं, ही काही लहान गोष्ट नाही. पुढच्या आयुष्यात तिला याचा उपयोग होणार आहे.

मी उशिरा का होईना, विचारलं. लेक थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ती मेली याचं वाईट वाटलंच गं. पण भावाच्या जागी तिनेच का जायचं? तो तयार होता ना जायला?"

मला उत्तर सुचेना. कारण त्याच महिन्यात, भावाची बारावी आहे म्हणून, आम्ही तिची खोली त्याला दिली होती आणि तिचं अंथरूण बाहेर दिवाणावर आणलं होतं. दहावी तिचीही होती! तिने एका शब्दाने तक्रार केली नव्हती आणि आम्ही कुणी तिला विचारलंही नव्हतं.

त्या रात्री ह्यांच्याशी बोलले. मुलालाही समोर बसवलं. आता खोली एक आठवडा त्याची, एक आठवडा तिची. पहिल्या दिवशी कुरकुर झाली, मग अंगवळणी पडलं.

लेकीने स्वतःचा शेवट लिहायला घेतलाय. त्यात बहीणभाऊ दोघं जातात म्हणे. परत येतात की नाही, ते अजून ठरलेलं नाही.