हाफ फ्राय किती अंशांवर?

संध्याकाळी हिंगोलीतल्या अंड्यांच्या गाड्यावर ‘एक हाफ फ्राय, दोन बॉईल, एक भुर्जी’ अशी ऑर्डर सुटते. ऐकायला हे खाण्याचे प्रकार. गाडेवाल्याच्या हाताला मात्र तो आचेचा हिशेब असतो.

अंड्याचं पांढरं म्हणजे सुमारे 90 टक्के पाणी आणि उरलेलं बहुतेक प्रथिन. तापलं की प्रथिनांची वेटोळी उलगडतात, एकमेकांत गुंततात आणि त्या जाळ्यात पाणी अडकतं. अंडं ‘शिजलं’ ते एवढंच. पांढरं 61-62 अंशांपासून दुधाळ दिसू लागतं, पण त्यातलं मुख्य प्रथिन, ओव्हाल्ब्युमिन, 80च्या आसपास गेल्याशिवाय घट्ट होत नाही. पिवळा बलक 65ला दाटतो, 70ला वाहायचा थांबतो. कमी आच लागणारा आत, जास्त लागणारं बाहेर, ही आपली सोयच.

हाफ फ्रायमध्ये अंडं उलटत नाहीत. तव्याला टेकलेल्या पांढऱ्याच्या कडा तपकिरी, जाळीदार होतात आणि वरचा बलक जेमतेम गरम होतो. उलटून बलक घट्ट केला की फुल फ्राय. अमेरिकेत यांच्या मधलीही पायरी आहे, ‘ओव्हर इझी’: उलटायचं आणि लगेच उतरवायचं. साल्मोनेला जंतू झटकन मरायला 70च्या वर आच लागते, म्हणून लहान मुलं आणि गर्भवतींसाठी फुल फ्रायच मागवावा.

बॉईल अंड्याच्या बलकाभोवती कधी हिरवट कडं दिसतं. अंडं खराब नसतं, जास्त उकळलेलं असतं. पांढऱ्यातलं गंधक बलकातल्या लोहाला भेटलेलं असतं. दोन्ही भाग नेमके शिजावेत म्हणून नेपल्सच्या संशोधकांनी 2025 मध्ये एक रीत मांडली: दर दोन मिनिटांनी अंडं उकळत्या पाण्यातून 30 अंशांच्या पाण्यात आणि परत, एकूण 32 मिनिटं. गाड्यावर तेवढ्यात दहा गिऱ्हाइकं निघून जातील.

स्क्रॅम्बल्ड एग आणि भुर्जी ही भावंडं खरी, पण स्वभाव वेगळे. पहिल्यात दूध आणि मंद आच, त्यामुळे जाळं सैल, मऊ राहतं. भुर्जीत आच मोठी. जाळं आवळतं, पाणी बाहेर पिळलं जातं आणि दाणे सुटे होतात. तिथे खरी कसोटी हळदीची. तिचा रंग, कुर्कुमिन, तेलात विरघळतो, पाण्यात जवळजवळ नाही. म्हणून हळद कांद्याबरोबर तेलातच पडली पाहिजे. अंडं ओतल्यावर वरून भुरभुरवली तर ठिपक्याठिपक्यांनीच दिसते, मग ती हळदीसाठी नावाजलेल्या वसमतची का असेना.