वेळ रुक्मिणीने ठरवली

पळून जाऊन केलेल्या लग्नाची गोष्ट कुणी सांगायला बसलं की ऐकणाऱ्याला घाईच ऐकू येते. कुणाची गाडी होती, घरी कधी कळलं, मागे कोण आलं. रुक्मिणीच्या गोष्टीतही रथ आहे, पाठलाग आहे, लढाई आहे, आणि कीर्तनकार त्या लढाईतच रंगतात. मला मात्र कॉलेजच्या वयापासून तिच्यातला एकच भाग पुन्हा पुन्हा वाचावासा वाटत आला आहे. तो म्हणजे रथात पाय ठेवण्याआधीचा, अंबिकेच्या देवळातला. भागवताच्या दहाव्या स्कंधातला त्रेपन्नावा अध्याय. सगळा विदर्भ लग्नासाठी सजलेला, भावाने ठरवलेल्या शिशुपालाची वरात येऊन उतरलेली, जरासंधाचं सैन्य गावाबाहेर. आणि या गर्दीच्या मधोमध एका मुलीने स्वतःसाठी थोडा वेळ राखून ठेवलेला. तो आयता मिळालेला नाही. तिने तो कृष्णाला लिहिलेल्या पत्रात मांडून घेतला होता.

पत्र सात श्लोकांचं आहे. त्याला आपण प्रेमपत्र म्हणतो, आणि पहिल्या श्लोकांत ते तसं आहेही. तुमच्याविषयी ऐकलं आणि मन बसलं, असं ती सांगते. पुढे मात्र पत्राचा सूर बदलतो. लग्न उद्यावर आलं आहे, गुप्तपणे या, सोबत सेनापती असू द्या, चेदी आणि मगधाच्या सैन्याचा बंदोबस्त करा आणि राक्षसविधीने मला न्या. स्मृतींनी सांगितलेल्या आठ विवाहप्रकारांपैकी कोणता, हेही तिने लिहून टाकलं. मग समोरच्याच्या मनात येणारी अडचण ती स्वतःच मांडते : तू अंतःपुरात राहतेस, तुझ्या भावाबंदांना मारल्याशिवाय तुला न्यायचं कसं? आणि तिथल्या तिथे उपाय देते. लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे कुलदेवीची मोठी यात्रा असते, त्या दिवशी नवरी नगराबाहेर गिरिजेच्या दर्शनाला जाते. तिथे या.

माझ्या मते आपल्या परंपरेतला हा सर्वांत चोख बेत आहे. कुळाचारच तिने निवडला, म्हणजे बाहेर पडायला परवानगी मागायला नको. जागा नगराबाहेरची, म्हणजे घरात रक्तपात नको. आणि देवीचं दर्शन आधी, जाणं नंतर. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. देवळात जातानाच तिला उचललं असतं तरी बेत तडीस गेला असता, पण तिला पूजा करून जायचं होतं.

आता ती पूजा. रुक्मिणी पायी निघते. सोबत आया, मैत्रिणी, भोवती शस्त्रं परजलेले शिपाई, मृदंग, शंख, नगारे. एवढ्या आवाजात ती मौन धरून चालते. देवळाशी हातपाय धुते, आचमन करते, आत जाते. वयस्कर, विधी जाणणाऱ्या ब्राह्मण सुवासिनी तिच्याकडून भवानीला वंदन करवतात. ती अंबिकेला लेकरांसकट नमस्कार करते आणि कृष्ण माझा पती होवो, एवढंच मागते. मग पाणी, गंध, अक्षता, धूप, वस्त्रं, माळा, दिवे. त्या सुवासिनींची पूजा ती कशाने करते याची यादीही भागवतकार देतो : मीठ, अपूप, विडा, कंठसूत्र, फळं आणि ऊस. हे वाचताना मला आमच्याकडच्या लग्नघरातल्या ओटीच्या सुपाची आठवण होते. कुणालाही शंका येऊ नये इतकं सगळं नेहमीसारखं चाललं आहे, आणि त्या बायका तिला प्रसाद देतात, आशीर्वाद देतात. कोणत्या लग्नासाठी, ते फक्त तिला ठाऊक. निरोप घेऊन गेलेला ब्राह्मण तोवर परतलेला होता. त्याचा चेहरा पाहूनच ती समजली होती आणि त्याला द्यायजोगं काहीच न सुचून नुसती पाया पडली होती.

पूजा झाली, मौन सुटलं, दासीचा हात धरून ती बाहेर आली. आणि मुद्दाम हळूहळू चालू लागली, कारण त्याला यायला वेळ मिळायला हवा. जमलेले राजे तिला बघून भान हरपतात, हातांतली शस्त्रं गळतात. ती डाव्या हाताच्या नखांनी कपाळावरचे केस बाजूला करते, समोरच्या राजांकडे बघते, आणि तिथे तिला अच्युत दिसतो. गुण ऐकून जिला वरलं त्याने पहिल्यांदा पाहावं, आणि जिने पत्र धाडलं तिने पहिल्यांदा पाहावं, तो हा क्षण. हजारो माणसांत, तरी फक्त दोघांचा. आपल्या मांडवात भटजी अंतरपाट धरतात आणि मंगलाष्टकं संपल्यावर काढतात. रुक्मिणीने आपला अंतरपाट आपल्याच हाताने बाजूला केला, असं मला नेहमी वाटतं. पुढच्या श्लोकात तो तिला गरुडध्वजाच्या रथात घेतो. लग्न नंतर, द्वारकेत, विधिवत.

आपल्याकडे मुहूर्तापूर्वी नवरी गौरीहरापुढे बसते. बाहेर पाहुण्यांचा गलका, आत पाटावर बसलेली मुलगी, पुढे अन्नपूर्णा, हातात अक्षता; मग मामा येतो आणि तिला मांडवात नेतो. या विधीचं मूळ शोधत बसायचा माझा अधिकार नाही, पण रुक्मिणीची पूजा वाचल्यापासून मी गौरीहराकडे दुसऱ्या नजरेने बघतो. लग्नाच्या दिवशी नवरीला शांतपणे बसायला मिळणारी ती एकच जागा असते, आणि हल्ली फोटोवाले तीही व्यापून टाकतात. हे थांबवायला हवं.

मराठीला या प्रसंगाने फार दिलं. तेराव्या शतकात विदर्भातच, रिद्धपूरला, महदंबेने गोविंदप्रभूंच्या विवाहाच्या निमित्ताने रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे गायले; ती आपली आद्य कवयित्री. महानुभाव नरेंद्राने ‘रुक्मिणीस्वयंवर’ लिहिलं, आणि 1571 मध्ये काशीत एकनाथांनी आपलं. भागवताचे तीन अध्याय नाथांनी अठरा प्रसंगांत फुलवले. लग्न जमावं म्हणून मुली आजही त्याचं पारायण करतात. घरच्यांनी ठरवलेलं लग्न जमावं म्हणून, घरच्यांनी ठरवलेलं लग्न मोडलेल्या मुलीची पोथी!

या प्रसंगाची जागा बघायची तर अमरावती जिल्ह्यात, तिवसा तालुक्यात, वर्धा नदीकाठच्या कौंडण्यपूरला जायचं. हेच रुक्मिणीच्या वडिलांचं, भीष्मकाचं कुंडिनपूर मानतात. 1960च्या दशकात मोरेश्वर दीक्षित यांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा सातवाहन काळाच्याही आधीपासूनच्या वस्तीचे थर सापडले. विठ्ठल-रुक्मिणीचं देऊळ नदीवर आहे आणि इथूनच आषाढीसाठी रुक्मिणीची पालखी पंढरपूरला निघते; तिची परंपरा चारशे वर्षांहून जुनी सांगतात. माहेरची पालखी म्हणून तिचा मान मोठा. अंबिकेचं देऊळही इथे आहे. अमरावती शहरातल्या अंबादेवीचे भक्त मात्र हरण तिथूनच झालं असं मानतात आणि कौंडण्यपूरपर्यंत भुयार होतं असं सांगतात. माझा कौल कौंडण्यपूरला. अमरावती तिथून चाळीसेक किलोमीटर. वाजतगाजत, पायी, आयाबायांसह निघालेली नवरी एवढं अंतर चालून जाणार नाही. शिवाय घाटावर उभं राहिलं की पात्राचा विस्तार दिसतो, आणि रथाला मोकळं रान कोणत्या बाजूला मिळालं असेल याचा अंदाज बांधता येतो. तिथे तासन् तास जातो.

पुढचं थोडक्यात. रुक्मिणीचा भाऊ रुक्मी पाठलागावर गेला, हरला, कृष्णाने त्याचे केस-मिशा भादरल्या आणि तो लाजेने भोजकटात राहिला. गुजरातेत पोरबंदरजवळच्या माधवपूरला लग्न लागलं असं तिथले लोक मानतात आणि रामनवमीपासून जत्रा भरवतात. अरुणाचलातले इदू मिश्मी रुक्मिणीला आपली लेक मानतात. रुक्मिणीसारखं घरच्यांना डावलून लग्न करणाऱ्या आजच्या जोडप्यांसाठी 1954 चा विशेष विवाह कायदा आहे : विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस, 30 दिवसांची वाट, तीन साक्षीदार, सह्या.

पण त्या 30 दिवसांत साक्षीदार, पत्त्याचे पुरावे आणि घरच्यांची समजूत यांतच सगळं संपतं. अशा लग्नांना साक्षीदार म्हणून मी गेलो आहे. कचेरीच्या जिन्यात धावत भेटलेली जोडपी सह्या करून बाहेर येतात तेव्हा एकमेकांकडे बघायचीच राहून गेलेली असतात. म्हणून अशा मुलामुलींना मी सांगतो : सहीच्या आधीचा एक तास ठरवून ठेवा. जागा आधी निवडा, रोजच्या जाण्यायेण्यातली, जिथे कुणी हटकणार नाही. साक्षीदारांना नंतरची वेळ द्या. फोन त्यांच्याकडे सोपवा. देव मानत असाल तर देवळात बसा, नसाल तर नदीवर. आणि कचेरीकडे हळू चाला.

कार्तिक पौर्णिमेला कौंडण्यपूरची यात्रा असते.  जायच्या आधी त्रेपन्नावा अध्याय एकदा वाचून जा.