खंडित रक्तपुरवठा आणि हृद्‌स्नायूतील मुक्त मूलकांची निर्मिती

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले व त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले. पुण्याला आधी पूर आणि मागोमाग पाण्याची टंचाई सोसावी लागली. हृदयविकाराच्या झटक्यात हा क्रम उलटा असतो. आधी टंचाई येते, नंतर परतलेल्या प्रवाहाचा आघात.

प्राणवायू नसेल तर त्यापासून होणारी मुक्त मूलकेही घटावीत, असे तर्काने वाटते. परंतु रोहिणीतील प्रवाह पूर्ण न थांबता केवळ मंदावतो, तेव्हा तंतुकणिकेच्या श्वसनसाखळीतून निसटलेले इलेक्ट्रॉन उरल्यासुरल्या प्राणवायूशी संयोग पावतात व सुपरऑक्साइड तयार होते. याच काळात एटीपीचे विघटन होऊन हायपोझँथिन साचते, सक्सिनेटही साचते आणि पेशीतील आम्लता वाढते.

खरा उद्रेक रक्त परतल्यावर होतो. १९८७ मध्ये सशाच्या हृदयातील मूलके थेट मोजण्यात आली, तेव्हा प्रवाह सुरू झाल्यापासून सुमारे १० सेकंदांतच त्यांचे प्रमाण सर्वाधिक आढळले. पाठ्यपुस्तके याचे श्रेय प्रामुख्याने हायपोझँथिनवर क्रिया करणाऱ्या झँथिन ऑक्सिडेज या विकराला देतात. मानवी हृदयात मात्र ते अत्यल्प असते. २०१४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून पुढे आलेले स्पष्टीकरण अधिक पटते. त्यानुसार साचलेल्या सक्सिनेटचे वेगाने ऑक्सिडीकरण होते, इलेक्ट्रॉन श्वसनसाखळीच्या पहिल्या संकुलाकडे उलट दिशेने लोटले जातात आणि तेथे सुपरऑक्साइड निर्माण होते. त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड व लोहाच्या सान्निध्यात हायड्रॉक्सिल मूलक बनते. ते पेशीपटलातील मेदाम्लांवर आघात करते. कॅल्शियमचा भार वाढलेल्या तंतुकणिकांची छिद्रे उघडतात व पेशी मरते.

धरणाची उपमा येथे अपुरी पडते. आघाताचे मूळ परतणाऱ्या रक्ताच्या प्रमाणात नसते. नेहमीचाच प्राणवायू बदललेल्या पेशीत येतो. यावरून रोहिणी उघडण्यास विलंब करावा, असा अर्थ कोणी काढू नये. बंद रोहिणीपलीकडील स्नायू मिनिटागणिक मरत असतो.

मूलकांचा बंदोबस्त करण्याचे उपाय मात्र रुग्णांत फारसे फळले नाहीत. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, झटका आलेल्या रुग्णांना रोहिणी उघडताना सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे विकर शिरेवाटे देण्यात आले. हृदयाच्या कार्यात त्यामुळे लक्षणीय सुधारणा झाली नाही. एवढा मोठा प्रथिनरेणू पेशीत सहज शिरत नाही, आणि सुपरऑक्साइड तर तंतुकणिकेच्या आत तयार होते.