फक्त वाचायचं होतं, तरी सगळं अडकलं! रीडर-रायटर लॉक आणि डेडलॉक, सोप्या भाषेत

आपल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्स कर्नल चालतो. एकाच ॲपचे अनेक थ्रेड एकाच वेळी मेमरी वापरत असतात. त्यांचा गोंधळ होऊ नये म्हणून कर्नल रीडर-रायटर लॉक वापरतो. वाचणारे कितीही चालतात. लिहिणारा मात्र एकटाच.

मग नुसतं वाचणाऱ्यांमुळे डेडलॉक कसा होईल? होतो! कसा, ते सांगतो.

हळदीच्या भावाचा फळा

समजा, सांगलीच्या हळद बाजारात एका खोलीत भावफळा आहे. चिठ्ठी घेऊन कितीही जणांनी आत जावं, बघावं, चिठ्ठी परत द्यावी. भाव बदलायला मुनीम आला की खोली रिकामी हवी. तो ताटकळत राहू नये म्हणून तो दाराशी आला की नवी चिठ्ठी बंद.

आता साताऱ्याचा एक शेतकरी आत आहे. मुनीम दाराशी येतो. तेवढ्यात शेतकरी पहिली चिठ्ठी हातात ठेवूनच दुसरी मागतो. रखवालदार म्हणतो, "आधी मुनीम." मुनीम म्हणतो, "आधी हा बाहेर येऊ दे." झालं, दोघंही अडकले! हाच डेडलॉक.

कर्नलमध्ये हे कुठं घडू शकतं?

प्रत्येक प्रोसेसच्या मेमरीच्या नकाशाला एक लॉक असतो. त्याचं नाव एमएमॅप लॉक. एखाद्या थ्रेडने तो वाचण्यासाठी धरला आणि तसाच ॲपच्या मेमरीतून डेटा कॉपी करायला घेतला, तर ते पान रॅममध्ये नसूही शकतं. मग पेज फॉल्ट होतो, आणि तो हाताळायला पुन्हा तोच लॉक लागू शकतो. मधल्या वेळात दुसरा थ्रेड नवी मेमरी जोडायला, म्हणजे लिहायला, रांगेत आला असेल तर ॲप तिथंच गोठतं.

मग टाळायचं कसं?

- हातात असलेला लॉक पुन्हा मागायचा नाही. आधी सोडा, मग कॉपी करा.
- वाचता वाचता लिहायचा हक्क मागायचा नाही. दोघांनी एकदम मागितला तर दोघंही एकमेकांच्या बाहेर पडण्याची वाट बघत बसतील. लिनक्समधल्या या प्रकारच्या लॉकमध्ये लिहिणाऱ्याला वाचणारा होता येतं, उलट नाही.
- दोन लॉक लागत असतील तर क्रम ठरलेला हवा. पुण्याहून निघालं की आधी सातारा, मग सांगली. तसाच क्रम सगळ्यांनी पाळायचा.
- जिथं थांबणं धोक्याचं आहे तिथं नुसता प्रयत्न करायचा. लॉक मिळाला नाही तर मागे फिरायचं.

माणसाची नजर चुकते, म्हणून 2006 पासून कर्नलमध्ये लॉकडेप हे साधन आहे. लॉक कुठल्या क्रमाने घेतले जातात यावर ते चाचणीत नजर ठेवतं आणि प्रत्यक्ष अडकण्याआधीच इशारा देतं.

2023 च्या लिनक्स 6.4 पासून मेमरीच्या प्रत्येक भागाला वेगळा छोटा लॉक मिळाला. त्यामुळे बऱ्याच पेज फॉल्टना मोठ्या लॉकची गरजच उरली नाही. फोन हँग होण्याचं कारण दरवेळी डेडलॉकच असतं असं नाही. पण माझ्या मते सगळ्यात उपयोगी नियम एकच: पहिली चिठ्ठी परत दिल्याशिवाय दुसरी मागू नका.